बाविसावी खेप

मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारून झाल्या की आमचा सात-आठ जणांचा कंपू मामलेदार कचेरीशेजारी मिसळ खायला वळतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चार दिवसांत थांबलं. त्या रविवारी मिसळीच्या टेबलावर जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही क्षेपणास्त्रांचे पल्ले पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात. ब्राह्मोस आधी २९० किलोमीटर, २०१६ मध्ये भारत एमटीसीआरमध्ये, म्हणजे क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीला आळा घालणाऱ्या देशांच्या गटात, गेला तशी ती मर्यादा सुटली, पुढचं आणखी लांब जाणारं येतंय. ‘आपण त्यांच्या कुठल्याही तळापर्यंत पोहोचतो, विषय संपला,’ हा त्यांचा समारोप. त्यांच्यासमोर बसतो माझा भाचा, महाप्याला डेटा सेंटरमध्ये नोकरी करणारा. तो म्हणतो, ‘काका, क्षेपणास्त्रांचे दिवस गेले. स्वस्तातली ड्रोनं हजारोंनी सोडा, समोरचा गुडघे टेकतो.’ टीव्हीवरच्या चर्चाही याच दोन खुंट्यांना टांगलेल्या असतात. लांब जाणारं बरं की स्वस्त बरं?

मला दोघांचंही पटत नाही. दोघांच्या बोलण्यात शस्त्र सुटतं, लागतं, धूर निघतो. ते कुणी बनवलं आणि तसंच पुढचं कधी तयार होणार, हे कुणाच्याच तोंडून येत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. युद्ध लांबलं की शस्त्राचा पल्ला किलोमीटरमध्ये मोजून फारसं काही हाती लागत नाही. तेच लक्ष्य आज, पंधरा दिवसांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा गाठता येतं का, यावर त्या पल्ल्याची किंमत ठरते, आणि ते ठरतं कारखान्यात. मी युद्धशास्त्राचा अभ्यासक नाही. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा प्लॅनिंगला. प्लॅनिंगवाल्याला एकच खोड जडते. सँपल पास झालं म्हणून सगळे पेढे वाटत असतात, तेव्हा तो कोपऱ्यातून विचारतो, ‘पाचशेवा नग कधी?’

या प्रश्नाचं इतिहासातलं सगळ्यात स्वच्छ उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या दोन जर्मन गावांत सापडतं, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. १९४३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या नियोजकांनी जर्मन उद्योगाची दुखरी नस शोधली: बॉल बेअरिंग. विमान, रणगाडा, ट्रक, लेथ, बेअरिंगवाचून काहीच फिरत नाही. आणि जर्मनीतलं जवळपास निम्मं उत्पादन श्वाइनफुर्ट या एका गावात एकवटलेलं. निवड चोख होती. १७ ऑगस्टला पहिला हल्ला झाला, १४ ऑक्टोबरला दुसरा. दुसऱ्या वेळी निघालेल्या २९१ बॉम्बफेकी विमानांपैकी ६० परतली नाहीत. एका दुपारी सहाशेच्या आसपास माणसं गेली. बॉम्ब मात्र कारखान्यांवर बरोबर पडले होते. मग? मग चार महिने अमेरिकी विमानं तिकडे फिरकलीच नाहीत, कारण एवढं नुकसान सोसून पुन्हा जाणं परवडणारं नव्हतं. तेवढ्या सवडीत हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर याच्या खात्यानं यंत्रं गावोगाव विखुरली, गोदामांतला साठा हुडकून काढला, स्वीडनकडून माल आणला आणि जिथे साध्या बेअरिंगवर भागेल तिथे डिझाइनच बदलून टाकलं. युद्ध संपल्यावर अमेरिकेनंच केलेल्या पाहणीचा निष्कर्ष असा, की बेअरिंगवरच्या हल्ल्यांचा जर्मनीच्या महत्त्वाच्या युद्धउत्पादनावर मोजता येईल असा काही परिणाम दिसत नाही.

दुसरं गाव लॉइना. तिथे कोळशापासून पेट्रोल बनवणारा अवाढव्य कारखाना होता. १२ मे १९४४ ला त्याच्यावर पहिला घाव पडला. जर्मनांनी थोड्याच दिवसांत तो दुरुस्त करून चालू केला. पुन्हा हल्ला, पुन्हा दुरुस्ती. हे वर्षभर चाललं. त्याच पाहणीत हिशेब दिला आहे: एकट्या लॉइनावर २२ हल्ले, ६,५५२ विमानफेऱ्या, अठरा हजार टनांहून जास्त बॉम्ब. १९४४ च्या शरदापर्यंत जर्मनीत विमानाच्या पेट्रोलचा असा दुष्काळ पडला की कारखान्यातून नवी कोरी लढाऊ विमानं बाहेर पडत होती, आणि शिकाऊ वैमानिकांना सरावापुरतंही इंधन मिळत नव्हतं. दोन्ही गावांपर्यंत विमान पोहोचत होतं. दोन्ही लक्ष्यं शहाणपणानं निवडलेली होती. फरक पडला तो दुसऱ्या खेपेपासून बाविसाव्या खेपेपर्यंत जाण्यात. ती बाविसावी खेप मिशिगनमधल्या विलो रनच्या कारखान्यानं शक्य केली, जिथे ऐन भरात तासाला एक बी-२४ बॉम्बफेकी विमान तयार होत होतं. तिला आणखी एका गोष्टीनं हात दिला, जी मला टूलरूमवाला म्हणून फार आवडते. बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीला जाणाऱ्या लढाऊ विमानांचा पल्ला वाढवला तो पोटाखाली टांगलेल्या जादा टाक्यांनी, आणि त्यांतल्या कित्येक टाक्या इंग्लंडमध्ये दाबलेल्या कागदापासून बनवलेल्या होत्या. वापरायच्या आणि वाटेत टाकून द्यायच्या.

आता याच युद्धातला उलटा दाखला. जर्मनीचं व्ही-२ रॉकेट हे त्या काळचं सर्वांत अचाट दूर पल्ल्याचं अस्त्र. सप्टेंबर १९४४ पासून तीन हजारांहून जास्त डागली. प्रत्येकाच्या डोक्यात जेमतेम टनभर स्फोटकं. म्हणजे सगळी मिळून तीन हजार टनांच्या आसपास; लॉइनाच्या एका कारखान्यावर पडलेल्या बॉम्बच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. ती बनवण्यासाठी मिटेलबाउ-डोराच्या छळछावणीत वीस हजारांच्या आसपास कैदी मेले. ज्यांच्या डोक्यावर ती पडली त्यांच्यात मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. ज्या लढाऊ विमानांवर, ज्या इंधनावर तो पैसा आणि ती माणसं लागायला हवी होती, ती या देखण्या बाणात गेली. हे बोलल्यावर आमचे बँकवाले स्नेही म्हणाले, ‘पण त्यातूनच पुढे चंद्रावर गेले.’ गेले खरे. जर्मनी मात्र तोवर हरली होती.

पल्लेवाल्यांची बाजू मी हलकी करून मांडत नाही. त्यांच्याकडे भक्कम मुद्दे आहेत. पहिला तेहरानचा. इराण-इराक युद्धात १९८८ च्या फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत इराकनं तेहरान आणि इतर इराणी शहरांवर दोनशेच्या आसपास अल-हुसेन क्षेपणास्त्रं सोडली. ती सोव्हिएत स्कड क्षेपणास्त्राचीच ताणलेली आवृत्ती. मूळ स्कडचा पल्ला ३०० किलोमीटर. डोकं हलकं करून आणि इंधनाची टाकी वाढवून इराकनं तो दुप्पट ताणला होता. तेहरानमधून लाखो माणसं बाहेर पडली आणि जुलैमध्ये इराणनं युद्धविराम मान्य केला. पल्ल्यानं युद्ध संपवलं, नाही का? थोडाफार हात लावला, हे मान्यच आहे. पण त्याच एप्रिलमध्ये फाव द्वीपकल्प इराणच्या हातून निसटला, आखातात अमेरिकी नौदलानं इराणी जहाजं बुडवली, आणि आठ वर्षांत सुट्या भागांअभावी इराणचं हवाई दल जमिनीला टेकलं होतं. क्षेपणास्त्रं पडली ती आधीच थकलेल्या घरावर. १९८० मध्ये पडली असती तर?

दुसरा मुद्दा युक्रेनचा, आणि तो आजचा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात हायमार्स हे अमेरिकी रॉकेट डागणारे ट्रक आले आणि मोजक्याच, पण अचूक रॉकेटांनी रशियाची दारूगोळ्याची कोठारं धडाधड उडाली. रशियन तोफांचा मारा खरोखर मंदावला. हेही मान्य. पण पुढे काय झालं? रशियानं कोठारं मागे नेली, विखुरली, रॉकेटांचे सिग्नल बुजवणारं जॅमिंग वाढवलं. मग युक्रेननं आणखी लांबचं मागितलं. एटीएसीएमएस ही लांब पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रं रशियाच्या हद्दीत डागायची परवानगी मिळावी म्हणून २०२४ भर जगानं वाद घातला, जणू त्या कागदावर सही झाली की युद्ध पालटणार होतं. नोव्हेंबरमध्ये परवानगी आली. युद्ध पालटलं नाही, कारण देणाऱ्याच्याच गोदामात ती थोडी होती. याउलट युक्रेननं स्वतः घरी बनवलेली, क्षेपणास्त्रापेक्षा कितीतरी हळू आणि हलकी लांब पल्ल्याची ड्रोनं रशियाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर पुन्हा पुन्हा जाऊन पडतात. एकदा दुरुस्त केलं, परत येतात. एप्रिल २०२४ मध्ये तर एक छोटं हौशी विमान माणसाविना उडवून त्यांनी बाराशे किलोमीटरवरच्या येलाबुगापर्यंत नेलं, जिथे रशिया इराणी रचनेची शाहेद ड्रोनं स्वतःच तयार करतो. पराक्रम मोठा. कारखाना मात्र चालूच राहिला आणि वाढला. एका खेपेनं कारखाना मरत नाही, हे श्वाइनफुर्टनं ऐंशी वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

या युद्धाची दुसरी बाजू तर टीव्हीवर येतच नाही, कारण तिच्यात धूर नाही. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघानं युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचं जाहीर केलं. वर्ष संपलं तेव्हा निम्म्याच्या थोडे वर पोहोचले होते. युरोप गरीब आहे का? त्यांच्याकडे तंत्रज्ञान नाही का? १५५ मिलिमीटरचा गोळा ही काही अवकाशयानाची गोष्ट नव्हे. तापवलेल्या पोलादाला भोक पाडून लांबवायचं, टोक आवळायचं, हार्डनिंग करायचं, लेथवर फिनिशिंग, बुडाजवळ तांब्याची पट्टी दाबून बसवायची. चाळीस-पंचेचाळीस किलोचा ऐवज. अमेरिकेत त्याची कवचं बनवणारा मुख्य कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला आहे. ती मुळात रेल्वे इंजिनांची वर्कशॉप होती. युद्धाआधी अमेरिकेचं उत्पादन महिन्याला १४ हजारांच्या आसपास होतं, ते ४० हजारांवर न्यायला दोन वर्षं लागली. अडलं कुठे? पोलादापेक्षा आतल्या मालावर. गोळ्यात सात ते अकरा किलो टीएनटी ओतावं लागतं, आणि अमेरिकेनं स्वतःच्या भूमीवर टीएनटी बनवणं १९८६ मध्येच सोडून दिलं होतं. नाटोत ते मोठ्या प्रमाणावर बनवणारा कारखाना उरला होता एक, पोलंडमधल्या बिडगॉश्चला. तोफेतून गोळा ढकलणाऱ्या दारूला नायट्रोसेल्युलोज लागतं. ते कापसाच्या सरकीवरच्या बारीक तंतूंपासून बनतं, आणि त्या तंतूंसाठी युरोपचे कारखाने बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून होते. यवतमाळच्या शेतकऱ्याला सांगा, हसेल तो.

आणि पल्ला स्वतःसुद्धा झिजतो, हे कुणी लक्षात घेतं का? तोफेची नळी काही हजार गोळ्यांनंतर आतून खाल्ली जाते. वायू निसटतो, गोळ्याचा वेग उतरतो, तो आखूड पडतो आणि भलतीकडे पडतो. कागदावर तीस किलोमीटरची तोफ युद्धाच्या दुसऱ्या वर्षी तीसची राहत नाही. नवी नळी मिळेपर्यंत नाहीच. पाढे पाठ करणाऱ्यांनी या ओळीशी जरा थांबावं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ‘हे सगळं युरोपचं झालं. आपल्याकडे दोन्ही बाजूंना अण्वस्त्रं आहेत. आपली युद्धं चार दिवसांची, फार तर दोन-तीन आठवड्यांची. जग मध्ये पडतं. मग वर्षभराच्या गोळ्यांचा हिशेब कशाला?’ हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. १९६५ चं युद्ध बावीस दिवसांत थांबलं, १९७१ चं तेरा. मी तरीही तीन गोष्टी विचारतो. युद्ध छोटं राहणार हे ठरवायचा हक्क एकट्या आपल्याला आहे का? १९१४ मध्ये पानं गळायच्या आत घरी येऊ म्हणून फौजा निघाल्या होत्या. सद्दामनं १९८० मध्ये आठवड्यांचा हिशेब केला होता, पुतिननं २०२२ मध्ये दिवसांचा. दुसरं, छोटं युद्धसुद्धा गोदामात काय आहे यावरच लढलं जातं. १९६५ च्या सप्टेंबरात युद्ध थांबवायचं की नाही हा प्रश्न आला, तेव्हा लष्करप्रमुख जनरल चौधरींनी शास्त्रीजींना सांगितलं की दारूगोळा बहुतेक संपत आलाय. नंतर हिशेब लागला तेव्हा निघालं की पुढच्या फळीच्या दारूगोळ्यापैकी जेमतेम १४ टक्के वापरला गेला होता. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव होते. त्यांना त्या आठवड्यात एक चोख स्टॉक रजिस्टर मिळायला हवं होतं. माल असून तो किती आहे हे ठाऊक नसणं हाही उत्पादनाचाच दोष, हे प्लॅनिंगला बसलेला कुणीही सांगेल. आणि तिसरं, २०१७ चा कॅगचा अहवाल. लष्करासाठी ४० दिवसांच्या तीव्र लढाईपुरता साठा ठेवायचा असं आपलंच ठरलेलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा दारूगोळा दहा दिवसही पुरला नसता. तेव्हापासून स्थिती सुधारली आहे, खरेदी वाढली आहे, खाजगी कारखाने उतरले आहेत. पण छोट्या युद्धाच्या भरवशावर निश्चिंत राहणाऱ्यांनी तो आकडा एकदा उशाशी घेऊन झोपावं.

‘कमी पडलं तर आयात करू’ हे यापुढचं पाऊल, आणि त्याला उत्तर म्हणून बोफोर्सची कथा पुरेशी आहे. १९८६ च्या मार्चमध्ये ४१० तोफांचा करार झाला, त्यात तंत्रज्ञान हस्तांतरणही होतं. ड्रॉइंगं आली. मग दलालीचं वादळ उठलं, कंपनी काळ्या यादीत गेली, सुटे भागही अडले. १९९९ मध्ये कारगिलला हीच तोफ तारणहार ठरली आणि हीच तोफ चालू ठेवण्यासाठी एकीचे भाग काढून दुसरीला लावावे लागत होते. त्या काळात सगळी ड्रॉइंगं सरकारी कपाटात होती. त्यांच्यावरून जबलपूरला ‘धनुष’ उभी राहिली आणि पहिल्या सहा तोफा लष्कराकडे गेल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये. तेहेतीस वर्षं! भ्रष्टाचारावर आपण हजारो पानं लिहिली, आणि ते बरोबरच होतं. पण ड्रॉइंग हातात असून तोफ का केली नाही, यावर एखादं तरी आंदोलन झालेलं आठवतं का?

भाच्याचं ड्रोन राहिलंच. त्याचं निम्मं बरोबर आहे. स्वस्त शस्त्रानं महागड्याला घाम फोडला आहे. जून २०२५ मधल्या बारा दिवसांच्या युद्धात इराणनं इस्रायलवर पाचशेहून जास्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडली. अमेरिकेत पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेची नव्या पिढीची पीएसी-३ रोधक क्षेपणास्त्रं २०२४ च्या अख्ख्या वर्षात पाचशेच्या आसपास बनली होती. या दोन आकड्यांचा थेट संबंध नाही, इस्रायलची ढाल वेगळी आहे, पण शेजारी ठेवून पाहावेत असे ते आहेत. चूक एवढीच की ड्रोन म्हणजे कारखान्यातून सुटका, असं भाच्याला वाटतं. ड्रोनची मोटर म्हणजे तांब्याची तार आणि दुर्मीळ धातूंचं चुंबक. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं कुलूप लावलं आणि आपल्याकडच्या वाहन कंपन्यांची झोप उडाली. बॅटरीची गोष्टही फार वेगळी नाही. अ‍ॅप ठाण्यात लिहाल, चुंबक कुठून आणाल?

मराठी माणसानं युद्धावर लिहिलं आणि पानिपत काढलं नाही तर त्याला टोल भरावा लागतो की काय, न कळे. मी पानिपत टाळून थोडं पुढे जातो. महादजी शिंद्यांनी पानिपतातून एक धडा घेतला होता, तो डी बॉयन या युरोपीय सेनानीची कवायती पलटण म्हणून आपल्याला माहीत असतो. तिच्या मागे आग्र्याचा तोफांचा कारखाना होता, सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिरानं उभा केलेला, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या तोफा किती चांगल्या होत्या याची साक्ष शत्रूनं दिली: २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या मैदानावर वेलस्लीची तिसरा हिस्सा फौज घायाळ किंवा ठार झाली, ती मुख्यतः मराठी तोफांनी. मग बिनसलं कुठे? इंग्रजांनी जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रजांनी निघून यावं, सोय केली जाईल. अधिकारी निघून गेले. शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेरों यानं असईच्या आधीच इंग्रजांचा आसरा घेतला. ऑक्टोबरात आग्रा पडलं, कारखान्यासकट. महादजींचे वारस दौलतराव यांच्याकडे तोफ होती, भट्टी होती. भट्टी चालवणारे हात आपले नव्हते आणि दुसरी भट्टी नव्हती. एका पावसाळ्यात आणि एका दिवाळीत सगळं आटोपलं.

इथे मला वागळे इस्टेटकडे परत यायचं आहे. एमआयडीसीचा जन्म १ ऑगस्ट १९६२ चा, आणि तोही इथलाच. मी कामाला लागलो तेव्हा आमच्या गाळ्याच्या मागच्या गल्लीत प्लेटिंगवाला, पुढे हार्डनिंगवाला, वळणावर गिअर कापणारा, त्याच्या माडीवर स्प्रिंगवाला. एखादा नग सकाळी ड्रॉइंगवर असला तर संध्याकाळपर्यंत सायकलवरून चार गाळे फिरून हातात यायचा. आज त्या रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत, शोरूम आहेत, बँक्वेट हॉल आहेत. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळ्यापासून महाप्यापर्यंत डेटा सेंटरं. मला त्याचा राग नाही. गाळेवाल्यानं देशासाठी तोट्यात लेथ फिरवावा असं म्हणणं हा चावटपणा आहे. जागेचा भाव असा, की गाळा विकून व्याजावर बसलेला माणूस गाळा चालवणाऱ्यापेक्षा सुखी. आणि त्या जुन्या कारखान्यांनी खाडीत काय काय सोडलं ते इथल्या कोळ्यांना विचारा. पण मग ‘वेळ आली की कारखाने वळवता येतात’ हे वाक्य तरी आपण बोलू नये. काय वळवणार? बँक्वेट हॉल?

घाईनं वळवलेल्या कारखान्याचं काय होतं, तेही लिहून ठेवलेलं आहे. १९१५ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांच्या टंचाईवरून सरकार हादरलं, लॉइड जॉर्ज नव्या दारूगोळा खात्याचे मंत्री झाले, आणि वर्षभरात कालपर्यंत दुसराच माल करणाऱ्या शेकडो कारखान्यांतून गोळे वाहू लागले. जून १९१६ च्या शेवटच्या आठवड्यात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर पंधरा लाख गोळे डागले. त्यांतले शेकडा तीसच्या आसपास फुटलेच नाहीत. फ्यूज कच्चे, मापं ढिली, तपासणी घाईची. शत्रूच्या काटेरी तारा तुटल्या असतील या भरवशावर १ जुलैला सैनिक खंदकातून वर आले. उत्तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या नांगराला ते न फुटलेले गोळे अजून लागतात. नग मापात आहे की नाही एवढंच सांगणारं गो-नोगो गेज हातात धरून ‘हा नग बाद’ म्हणायचं धाडस मंत्र्याच्या सहीनं येत नाही. ते यायला माझ्या उस्तादाखाली मला पाच वर्षं लागली, आणि तेव्हा समोर युद्ध नव्हतं, फक्त एक चिडका मॅनेजर होता.

म्हणून सुचवायचं ते फार भव्य नाही. ब्रिटननं १९३६ पासून ऑस्टिन, रोव्हरसारख्या मोटार कंपन्यांना विमानांच्या इंजिनांचे ‘छाया कारखाने’ उभारून दिले, युद्ध सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी. अमेरिकेनं १९३८ मध्ये कायदाच केला की सैन्याला लागणाऱ्या वस्तूंच्या छोट्या ‘शिकाऊ ऑर्डरी’ नागरी कारखान्यांना द्यायच्या, हेतू माल मिळवण्याचा कमी आणि त्या कारखान्यात नग धरून ठेवणारे जिग, फिक्श्चर, गेज आणि ती करणारी माणसं तयार ठेवण्याचा जास्त. आपल्याकडे २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. अंबरनाथचे कारखाने इथून तासाभरावर आहेत. अंबरनाथनं ठाणे, रबाळे, डोंबिवलीतल्या शंभर-दीडशे गाळ्यांना दर वर्षी थोडं थोडं काम द्यावं, महाग पडलं तरी. एल-वन निविदेचा नियम त्यात आडवा येईल, कारण सर्वांत स्वस्त दर देणारा सगळी ऑर्डर नेतो आणि बाकीचे नव्व्याण्णव शिकायचे राहतात. तिथे नियम वाकवावा लागेल, आणि ऑडिटवाले हरकत घेतील. त्यांची हरकतही खोटी नसेल. अशा ऑर्डरींत कुणाचा मेहुणा शिरणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही.

आणि एक गोष्ट इथे नकोच. स्फोटकं. डोंबिवली एमआयडीसीनं मे २०१६ आणि मे २०२४, दोनदा दाखवून दिलं की वस्तीला चिकटलेल्या रसायनांच्या रिअ‍ॅक्टरचं काय होतं. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ कामगार गेले, तो तर दारूकाम जाणणाराच कारखाना. घोडबंदर रोडच्या टॉवरांशेजारी कुणी दारूगोळा भरायला निघालं तर पहिला मोर्चा मीच काढीन. धातूचं काम इथे राहू शकतं, दारूचं नाही, आणि अडचण नेमकी दारूचीच मोठी आहे, हे वर सांगितलंच. तिला विदर्भात लांब, मोकळी जागा लागेल, दोन-तीन ठिकाणी वाटलेली, म्हणजे एक उडाली तर दुसरी चालेल. खर्च दुप्पट.

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या गल्लीत गेलो होतो. गिअर कापणाऱ्याचा गाळा अजून आहे. सहा यंत्रांपैकी दोन चालू, बाकीच्यांवर ताडपत्री. मालकाला मी हे सगळं सांगितलं, श्वाइनफुर्ट, लॉइना, शिकाऊ ऑर्डरी. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, ‘साहेब, पेमेंट किती दिवसांत?’ सरकारी कामाचं पेमेंट किती दिवसांत मिळतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून मी चहा संपवला.